एका स्थानिक मुलीचे आभार

“ही भाषा तुझी आहे?”

अध्यक्षांनी कागद टेबलावरून माझ्याकडे ढकलला. माझ्या लघुप्रबंधाचं पान. एम.ए.च्या शेवटच्या सत्रात जमा केलेला प्रबंध. पानावर पिवळे पट्टे. कॉम्प्युटरने पकडलेली चोरी पिवळ्या रंगात छापून येते, हे मला त्या दिवशी कळलं. पान जवळजवळ सगळंच पिवळं होतं.

समितीत तिघं. मधे अध्यक्ष. एका बाजूला दुसऱ्या विभागाच्या एक बाई. दुसऱ्या बाजूला परीक्षा विभागाचे एक गृहस्थ, ते लिहून घेत होते. माझ्यासमोर खुर्ची होती. बस कुणी म्हणालं नाही. मी उभी.

अध्यक्षांनी पट्ट्यातलं एक वाक्य इंग्रजीत वाचलं. सावकाश, घोटलेल्या उच्चारात. मग मला कळलं नसेल म्हणून मराठीत अर्थ सांगितला. “मृताचा चेहरा सगळेच पुसतात. मी आधी पाठ पुसते, कारण पाठीकडे कुणी पाहत नाही.” चष्मा काढला. “केवढं सुंदर वाक्य आहे. तुझ्या गाईड मॅडमच्या पेपरमधलं. उचलायचं होतं तर निदान खाली त्यांचं नाव टाकायचं.”

ते वाक्य माझ्या आईचं होतं.

आई परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात आया आहे. कंत्राटी. एकदा मोरीपाशी बसून पायाला तेल लावता लावता ती हे बोलली होती. मी वहीत लिहून घेतलं. नंतर इंग्रजीत केलं. आता ते पिवळं होऊन माझ्यापुढे पडलं होतं आणि मी चोर ठरले होते.

“सर, हे माझ्या आईचं बोलणं आहे.”

बाजूच्या बाई हसल्या. “आईने इंग्रजीत सांगितलं?”

लिहून घेणारे गृहस्थही हसले. लिहायचे थांबून हसले.

“कोट्यातली अ‍ॅडमिशन ना तुझी?” अध्यक्षांनी विचारलं. “वाईट अर्थाने नाही विचारत. दडपण येतं अशा मुलांना. मग ती सोपा रस्ता शोधतात. आम्ही समजून घेतो.”

दुसरा कागद पुढे आला. टाइप केलेला. ‘माझ्या मार्गदर्शकांच्या प्रकाशित लेखातील मजकूर मी परवानगीशिवाय वापरला. माझी चूक मला मान्य आहे. मी बिनशर्त माफी मागते.’ खाली सहीची रेघ. माझं नाव आधीच छापलेलं.

“सही कर. ताकीद देऊन सोडतो. प्रबंध नवा लिही.”

एकच सुचलं. “मी मॅडमना विचारून करते, सर.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. अध्यक्ष जरा मऊ आवाजात म्हणाले, “अगं, मॅडमनीच तर सांगितलंय. मुलगी गरीब घरातली आहे, तिचं आयुष्य खराब करू नका, माफीवर सोडा. त्यांनीच लिहून दिलंय तसं.”

मी चार दिवस मागितले. उपकार केल्यासारखे त्यांनी दिले.

आम्ही बौद्ध. परळला चाळीत एक खोली. वडील मी नववीत असताना गेले, तेव्हापासून आई हॉस्पिटलात. कंत्राटदार बदलतात, आई तीच, वॉर्ड तोच. पेशंटला कूस बदलून देणं, बेडपॅन देणं, बेडपॅन धुणं, आंघोळ घालणं, मेला तर त्याला नीट करून चादरीत बांधणं. तिच्या छातीवर बिल्ला असतो. त्यावर कंत्राटदाराचं नाव मोठं आणि तिचं बारीक.

मॅडम दादरच्या. कष्टकऱ्यांवर लिहिणाऱ्या. भाषणात त्यांचा आवाज भरून यायचा, आणि ते खोटं नसायचं असं मला आजही वाटतं. पहिल्या वर्षी वर्गात त्यांनी प्रत्येकाला विचारलं, घरचे काय करतात. मी म्हणाले, “आई हॉस्पिटलात असते.” पुढे बोलले नाही. कुणाला नर्स वाटली असेल तर वाटू दे. तास संपल्यावर मॅडमनी मला थांबवलं. “हॉस्पिटलात म्हणजे काय?”

“आया आहे.”

त्यांचे डोळे चमकले. “मग तुझा विषय तुझ्या घरातच आहे की गं.”

तेव्हापासून मी मॅडमची. पुस्तकं द्यायच्या. घरी जेवायला ठेवून घ्यायच्या. पाहुण्यांशी ओळख करून द्यायच्या, “ही माझी विद्यार्थिनी. हिची आई वॉर्डात आया आहे.” माझं नाव नंतर यायचं, कधी यायचंही नाही. पाहुणे माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघायचे. मला ते आवडायचं. हेही लिहायला हवं. जे मी वर्गात लपवत होते, त्याला मॅडमच्या दिवाणखान्यात भाव होता.

सतरा आयांशी मी बोलले. त्या माझ्याशी बोलल्या ते मी विद्यार्थिनी म्हणून नाही. मी आईची पोरगी म्हणून. ड्यूटी सुटल्यावर आमच्या खोलीत येऊन बसायच्या. चहा व्हायचा, मग गप्पा, मग मधेच कुणीतरी गप्प व्हायचं आणि आतलं बाहेर यायचं. भेटीच्या वेळेत भरलेलं भांडं घेऊन नातेवाइकांच्या घोळक्यातून कसं जावं लागतं. वीस वर्षं एका वॉर्डात काढून डॉक्टरला नाव माहीत नसतं. पहिलं प्रेत बांधलं त्या दिवशी घरी येऊन पोराला जवळ घेता आलं नाही. तीन वह्या भरल्या. फोनवर रेकॉर्ड केलं नाही. रेकॉर्डिंग म्हटलं की त्या घाबरायच्या.

“मूळ वह्या माझ्याकडे ठेव,” मॅडम म्हणाल्या. “चाळीत पाणी गळतं, उंदीर असतात. माझ्याकडे सुरक्षित राहतील.”

मी दिल्या.

समितीतून बाहेर पडल्यावर मी लायब्ररीत गेले आणि मॅडमचा तो पेपर शोधला. परदेशी जर्नलमध्ये आलेला. असा काही पेपर आहे हे मला माहीतच नव्हतं. वाचायला लागले. माझी प्रकरणं. माझ्या मथळ्यांची थोडी उलटापालट. माझ्या सतरा बाया. आईचं नाव काढून एक अक्षर, पुढे वय, पुढे वॉर्ड अटेंडंट. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक तळटीप. तिचा मराठीत अर्थ एवढाच: क्षेत्रकार्यातील साहाय्याबद्दल एका स्थानिक मुलीचे आभार.

स्थानिक मुलगी म्हणजे मी.

तरी माझ्या मनात आलं, मॅडमची घाई झाली असेल. त्यांना माहीत नसेल समिती कशी बोलली. त्या सगळं नीट करतील. मी त्यांच्या घरी गेले.

“ये गं. रडतेस काय?” त्यांनी मला पाणी दिलं. “केवढा बाऊ केलास. संदर्भ द्यायचा राहिला एवढंच लिहून द्यायचंय.”

“मॅडम, पण ते माझंच आहे ना.”

त्या जवळ येऊन बसल्या. माझा हात हातात घेतला. “हे बघ. बायका बोलल्या, तू लिहून आणलंस. तो कच्चा माल झाला. त्याचं संशोधन मी केलं. विद्यापीठात हे असंच असतं. माझ्याही गाईडने माझ्याबाबतीत हेच केलं होतं. मी काही समितीकडे गेले नाही.”

“कच्चा माल,” मी म्हणाले. मला तो शब्द नुसता उच्चारून बघायचा होता.

“पीएच.डी.ला मी घेते तुला. शब्द देते. आता सही कर आणि मोकळी हो.” मी उठले तेव्हा दारात म्हणाल्या, “आईचं कंत्राट नीट चाललंय ना? तिथले वरचे लोक माझ्या ओळखीचे आहेत. काही लागलं तर सांग हं.”

मी वह्या मागितल्या. घराला रंग दिला तेव्हा सामान हललंय, शोधावं लागेल, असं म्हणाल्या.

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, “थँक्यू मॅडम.” त्यांचा जिना उतरून रस्त्यावर आले तेव्हा ते माझ्याच कानावर आलं. थँक्यू मॅडम.

मग मदत शोधायला लागले.

विद्यार्थी संघटनेचा एक पुढारी लालबागला भेटला. माझं ऐकून घेतलं, मुठी आवळल्या, म्हणाला, “फाडून टाकू त्यांना. तू एक काम कर. आईला घेऊन ये. ड्यूटीच्या कपड्यात. आपण व्हिडिओ करू. थोडं रडू आलं तर थांबवू नकोस.” मी म्हटलं, कळवते. पुन्हा गेले नाही. त्यालाही माझी आई कपड्यांसकट हवी होती.

कॉलेजच्या समुपदेशक बाईंनी एक फॉर्म भरून घेतला. झोप लागते का. भूक लागते का. स्वतःला इजा करावीशी वाटते का. मी विचारलं, “माझ्यावर खोटा आरोप आहे, त्याचं काय करू?” त्या म्हणाल्या, “ते माझ्या कक्षेत येत नाही. आपण श्वासावर काम करूया.” मी दहा वेळा श्वास घेतला आणि बाहेर आले.

मैत्रीण म्हणाली, “सही कर यार. इगो कशाला?”

आईला मी काही सांगितलं नव्हतं. मी ताट सरकवलेलं तिने बघितलं आणि समोर बसली. “काय झालंय ते बोल. पोरगा बिरगा हाय का?” मला हसू आलं आणि मग रडू आलं. सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं. “मी बोललेलं त्या बाईने घेतलं? मला न बघता?”

मग म्हणाली, “गिरगावला परेरासाहेब हायत. त्यांच्या मिसेसचं मी केलं होतं, शेवटचे दोन महिने. ते कॉलेजात होते, परीक्षेच्या हापिसात. त्यांच्याकडे जा.”

गिरगावातल्या एका वाडीत जुनं लाकडी घर. परेराकाका सत्तरीच्या पुढचे, दार उघडायलाच त्यांना वेळ लागला. भिंतीवर बायकोचा फोटो. मला बसवलं, स्वतः बसले. “तुझ्या आईने माझ्या मेरीला लहान पोरासारखं ठेवलं. सांग.”

मी सांगितलं. ते मधे मधे हात वर करून थांबवायचे.

“नोटीस दाखव.”

“नोटीस नाही. शिपायाचा फोन आला होता.”

“आरोपपत्र?”

“नाही.”

“त्या पिवळ्या रिपोर्टची कॉपी?”

“दिली नाही. नुसता दाखवला.”

“पण माफीनामा टाइप करून रेडी.” ते हसले. त्या हसण्यात काही चांगलं नव्हतं. “बाळा, हेच मी करायचो. सगळी नोकरी ह्याच्यातच गेली. कॉपी केस, चोरी केस, शिस्तभंग. माफीनाम्याचा नमुना माझ्या ड्रॉवरमध्ये असायचा. नाव बदलायचं, तारीख बदलायची, मजकूर तोच. पोरं रडत यायची, सही करून रडत जायची. आम्ही पाठीवर हात ठेवून सांगायचो, बघ, सुटलास. सुटत कोणच नव्हता. कागद फायलीत असायचा. पुढे नोकरीच्या वेळी, पीएच.डी.च्या वेळी, कोणतरी फाइल उघडायचा.”

मी विचारलं, त्यातली सगळी पोरं खरंच चुकलेली असायची का.

“बघायची पद्धतच नव्हती,” ते म्हणाले. “सही आली की बघायचं काय?”

त्यांनी एकदा फोटोकडे बघितलं. मग कामाला लागले. “तुझ्याकडे काय आहे?”

“काहीच नाही. वह्या मॅडमकडे आहेत.”

“प्रकरणं त्यांना कशी दिलीस? हातात?”

“मेलने.”

“मग मेल कुठे जाणार?”

मी फोन उघडला. शोधलं. सगळं होतं. प्रत्येक प्रकरण, मी पाठवल्याच्या तारखेसकट. पेपरच्या पहिल्या पानावर जर्नलकडे लेख पोचल्याची तारीख छापलेली असते. माझा शेवटचा मेल त्याच्या चार महिने आधीचा. आणि दुसऱ्या प्रकरणाच्या मेलखाली मॅडमचं उत्तर: ‘अप्रतिम! तुझ्या आईचं ते पाठ पुसण्याचं वाक्य वाचून काटा आला. पुढचं लवकर पाठव.’

तुझ्या आईचं. त्यांनीच लिहिलं होतं.

इतके दिवस हे माझ्या खिशात होतं. समितीच्या खोलीतून लायब्ररीत, मॅडमच्या घरी, त्या पुढाऱ्याकडे, सगळीकडे माझ्याबरोबर फिरत होतं. मी उघडून बघितलं नाही. का नाही बघितलं? परेराकाकांच्या खुर्चीत बसून मला ते कळलं आणि माझी मलाच शरम वाटली. बघितलं असतं तर मॅडम चोर ठरल्या असत्या. त्यापेक्षा मला स्वतः चोर होणं सोपं जात होतं. दोन वर्षं मी त्यांच्या मायेवर जगले होते. ती माया कशाची होती हे मला बघायचं नव्हतं.

परेराकाकांनी अर्ज सांगितला, मी लिहिला. आरोप लेखी द्या. अहवालाची प्रत द्या. समितीच्या सदस्यांची नावं द्या. मला साक्षीदार आणायचा आहे. “दोन प्रती. एकीवर शिक्का घे, तारीख घे. शिक्का दिल्याशिवाय खिडकी सोडू नको.”

“काका, तुम्ही याल का माझ्याबरोबर? तुम्ही बोललात तर ते ऐकतील.”

ते एकदम म्हातारे दिसले. “नाय. तिथे माझी माणसं आहेत अजून. माझ्या हाताखाली शिकलेली. मी काय तोंडाने बोलू? आणि माझं नाव कुठे घेऊ नको, प्लीज.”

मी घेतलं नाही. हे नावही त्यांचं खरं नाही.

अर्ज दिला, शिक्का घेतला. तीन आठवड्यांनी दुसरी सुनावणी लागली. आईने रजा टाकली. ठेवणीतली साडी नेसली, केसांना तेल लावून घट्ट अंबाडा घातला. बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. शिपाई आला आणि आईला म्हणाला, “बाई, इथे नाय बसायचं. मिटिंग आहे. हाउसकीपिंगवाल्यांनी खाली थांबायचं.”

आई लगेच उठली. एक क्षणही गेला नाही. सांगितलं की उठायचं, हे तिच्या गुडघ्यांना माहीत होतं.

“ती साक्षीदार आहे,” मी म्हणाले. शिपायाने खांदे उडवले.

तेवढ्यात मॅडम आल्या. आईला बघून थेट पुढे झाल्या, दोन्ही हात धरले. “तुम्ही आई ना? किती ऐकलंय तुमच्याबद्दल!”

आईने हात सोडवून घेतले. “तुम्ही कधी आला नायत घरी,” ती म्हणाली. भांडणाच्या सुरात नाही. नुसतं सांगितलं.

आत पुन्हा तेच तिघं. मॅडम त्यांच्या बाजूला बसल्या. आमच्या बाजूला ती एकच खुर्ची. मी ती ओढून आईला बसवलं. ती अवघडून कडेला टेकली. मी भिंतीपासची दुसरी आणली आणि न विचारता बसले. अध्यक्षांनी लिहून घेणाऱ्या गृहस्थांकडे पाहिलं. त्यांनी काहीतरी टिपून घेतलं.

“बाई,” अध्यक्ष आईला म्हणाले, “तुमची मुलगी म्हणते, हे वाक्य तुमचं आहे. काय बोलला होतात ते जसंच्या तसं सांगा.”

आईने माझ्याकडे बघितलं. “कसलं वाक्य?”

“मेलेल्या माणसाला पुसण्याबद्दल.”

“हां. ते.” आईने पदर सारखा केला. “झोपून झोपून पाठ सडते ना सायेब पेशंटची. खड्डे पडतात. घरचे येतात, ते तोंड बघतात. पाठ कोण उलटी करून बघतोय? मग ती आधी साफ करायची. वास येतो. आणि तसंच बांधलं तर मला झोप नाय लागत.”

“हे तर वेगळंच आहे,” अध्यक्ष म्हणाले.

“इथे तसं काही नाहीये,” बाजूच्या बाई कागदावर बोट ठेवून म्हणाल्या. “सडणं नाही, वास नाही, झोप नाही.”

आई गोंधळली. तिला वाटलं आपलं चुकलं. आणि त्या क्षणी मला माझं दिसलं. सडणं मी काढलं होतं. वास मी काढला होता. आईची झोप मी काढली होती. सभ्य इंग्रजीत बसावं म्हणून. मॅडमना आवडावं म्हणून. आईची पाठ सगळ्यात आधी मीच झाकली होती.

मी मेलचे कागद टेबलावर ठेवले. चार जणांसाठी चार प्रती. “तारखा बघा,” एवढंच म्हणाले.

अध्यक्षांनी वाचलं. मॅडमचं उत्तर दोनदा वाचलं असावं, कारण त्यांचे डोळे खाली जाऊन पुन्हा वर गेले. बाजूच्या बाईंनी पेनचं टोपण लावलं.

“मी माझ्या विद्यार्थ्यांना प्रोत्साहन देत असते,” मॅडम म्हणाल्या. “ह्याने काहीच सिद्ध होत नाही.”

आम्हाला बाहेर बसवलं. आत बोलावलं तेव्हा नवा कागद तयार होता. ‘विद्यार्थिनी व मार्गदर्शक यांच्यात गैरसमज झाला होता. तो दूर झाला आहे. दोघांची एकमेकांविरुद्ध तक्रार नाही. विद्यार्थिनी विषय बदलून नवीन प्रबंध सादर करेल.’ खाली दोन रेघा. एकीवर मॅडमची सही होऊनही गेली होती.

“कुणाचंच नुकसान नाही,” अध्यक्ष म्हणाले. “मोठ्या मनाने घे.”

आईने माझ्या दंडाला धरलं. हळू म्हणाली, “कर बाळा सही. घरी जाऊ.” तिला कंत्राट दिसत होतं. मला तिचा राग आला नाही. तिने आठ वर्षं असंच सगळं निभावलं होतं आणि त्याच्यावर मी इथपर्यंत आले होते.

“नाही करणार,” मी म्हणाले.

“विचार कर.”

“गैरसमज झालेला नाही. मला नीट समजलंय. विषय बदलणार नाही. मॅडम, माझ्या तीन वह्या द्या.”

मॅडमचा चेहरा पहिल्यांदा उतरला. “मी तुझ्यासाठी किती केलं,” त्या म्हणाल्या. आणि त्यांचा आवाज खरंच भरून आला होता.

“केलंत,” मी म्हणाले. “वह्या द्या.”

दोन महिन्यांनी आदेश आला. वाङ्मयचौर्याचा आरोप सिद्ध होत नाही. मात्र विद्यार्थिनीने समितीसमोर उद्धट वर्तन केल्याबद्दल तिला सक्त ताकीद देण्यात येत आहे. मॅडमच्या पेपरबद्दल एक अक्षर नाही. तो विषय समितीच्या कक्षेबाहेरचा. निकाल राखून ठेवला, कारण मला गाईड नाही. विभागातल्या पाच जणांना विचारलं. पाचही जणांकडे जागा नव्हती.

वह्या मिळाल्या नाहीत.

आईला वॉर्डातून काढून शवागाराच्या ड्यूटीवर टाकलं. मुकादम म्हणाला, “तुझी पोरगी लिहिते ना मेलेल्यांवर? मग तुला काय अडचण?” मॅडमनी सांगितलं की आणखी कुणी, मला माहीत नाही. सिद्ध करता येणार नाही.

आणि शेवंतामावशी. माझ्या सतरा जणींतली एक, आईची जुनी सोबतीण. तिने मला चाळीच्या नळावर अडवलं. “आमचं बोलणं परदेशात गेलंय म्हणे. मी नवऱ्याचं सांगितलेलं, तेपण गेलं का?” ते गेलं होतं. “मला विचारलंस?”

“लिहू का म्हणून विचारलं होतं, मावशी.”

“लिहू का विचारलंस. कुणाला देऊ का, ते नाय विचारलंस.”

समितीपुढे मला उत्तर सुचत होतं, नळावर सुचलं नाही.

मग मी माझा प्रबंध मराठीत केला. वह्या नव्हत्या, तरी इंग्रजीत काढून टाकलेलं सगळं आठवून आठवून परत घातलं. रविवारी बायकांना खोलीत बोलवायचे आणि वाचून दाखवायचे. त्या सांगतील ते खोडायचे. शेवंतामावशीने आपलं सगळंच काढायला लावलं आणि नंतर आमच्याकडे चहालाही आली नाही. आणखी दोघी गेल्या. एकीने उलट सांगितलं, माझं नाव पुरं घाल, बापाच्या नावासकट. चौदा राहिल्या. प्रबंध आता लहान आहे. खरखरीत आहे. त्यात वास आहे.

मी गिरणीच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या एका टॉवरमध्ये विम्याचे दावे कॉम्प्युटरवर चढवते. मॅडमविरुद्ध विद्यापीठाकडे वेगळी तक्रार केली आहे, जर्नललाही लिहिलं आहे. विद्यापीठाला तीन स्मरणपत्रं दिली. जर्नलने विचारणा करतो म्हणून कळवलं आणि ते गप्प झाले.

परवा जेवणाच्या सुट्टीत फोन आला. विद्यापीठातले एक अधिकारी. आवाज गोड. मॅडमना मोठा सन्मान जाहीर होतोय, अशा वेळी जुनी तक्रार लोंबकळत राहणं बरं दिसत नाही. “तुम्ही मागे घ्या. आठ दिवसांत तुमचा निकाल लावून देतो. गाईडचंही बघतो. तुम्हाला पदवी हवीय ना?”

हवीय. रोज हवी असते. ती असती तर मी ह्या खुर्चीत नसते आणि आई शवागारात नसती.

“हे लेखी द्या, साहेब,” मी म्हणाले.

त्यांनी फोन ठेवला.

घरी जाऊन आईला सांगितलं. ती चिडली. अशी चिडलेली मी तिला पाहिली नव्हती. “आठ दिवसांत देत होते तर घ्यायची होतीस. तुझी लढाई, आणि मढी मी उचलते.” ते खरं आहे. ती दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही, आणि पुढेही किती दिवस बोलणार नाही मला माहीत नाही. तरी मी तक्रार मागे घेणार नाही. तिच्यासाठी घेत नाही असं म्हणायची माझी हिंमत नाही. ती तसं म्हणत नाही. हे माझं आहे. ह्याची किंमत तिच्यावर पडते हे मला माहीत आहे आणि ते माहीत असूनच मी नाही म्हणते.

त्या फोनवर काय काय बोलणं झालं ते मी लिहून काढलं आहे. अधिकाऱ्याचं नाव, वेळ, शब्दन् शब्द, या वेळी काही सभ्य न करता. सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. तो कागद तक्रारीला जोडायचाय.